एक स्क्रिप्ट, तीन यंत्रं: बिल्डमधले पाथ कसे सांभाळावेत

बिल्ड स्क्रिप्टमध्ये (मूळ फाइलींपासून तयार पुस्तक किंवा प्रोग्रॅम बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) कुणी अधिक चिन्ह वापरून फोल्डरच्या नावाला स्लॅश जोडलेला दिसला की मी पुढचं वाचत नाही. आधी ती ओळ बदलून घेते, मग बाकीचं. काहींना हा सोवळेपणा वाटतो. पण पाथ, म्हणजे फाइल कुठे आहे ते सांगणारी ओळ, दिसायला मजकुरासारखा असला तरी तो मजकूर नाही. तो त्या त्या यंत्राला दिलेला पत्ता आहे, आणि पत्ता वाचायचे नियम प्रत्येक यंत्राचे वेगळे आहेत. स्क्रिप्टने आपल्या पोटात पाथ एकाच रूपात ठेवावा आणि बाहेरच्या कुणाच्या हातात देताना, फक्त त्या उंबऱ्यावर, त्याचं रूप बदलावं. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या एका सवयीचंच काम आहे.

आमचा गट लहान आहे. मराठी पुस्तकांच्या ई-आवृत्त्या करतो. मजकूर मार्कडाउनमध्ये, जोडणी पायथनची, रूपांतर पॅनडॉककडून, छापायची पीडीएफ झीलेटेककडून. संपादन विंडोजवर चालतं, मांडणी मॅकवर आणि शेवटचा बिल्ड उबुंटूच्या सर्व्हरवर. म्हणजे एकच फाइल तिन्ही घरचं पाणी पिऊन येते. उदाहरणं याच कामातली आहेत, पण नोड (जावास्क्रिप्ट) किंवा सीमेक (सी, सी++ चे बिल्ड) वापरणाऱ्यांनाही ती लागू पडतील. कमांड आणि फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग वापरायचं.

स्लॅश

१९८१ च्या डॉसमध्ये फोल्डरच नव्हते आणि `/` हे चिन्ह कमांडच्या स्विचसाठी वापरात होतं. १९८३ मध्ये डॉस २.० आला, त्याच्याबरोबर फोल्डर आले, आणि युनिक्सचा `/` आधीच गुंतलेला असल्यामुळे `\` घ्यावा लागला. आपण अजून त्याचे हप्ते फेडतोय.

दिलासा असा, की विंडोजची बहुतेक सिस्टिम फंक्शनं `/` सुद्धा मुकाट्याने स्वीकारतात. म्हणून स्क्रिप्टमध्ये, कॉन्फिग फाइलमध्ये, गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) जे काही लिहून ठेवायचं ते `/` वापरूनच लिहा. अपवाद दोन. एक, जुन्या कमांड प्रॉम्प्टच्या अंगभूत कमांड, कारण त्यांना `/` दिसला की स्विच वाटतो. दोन, `\\?\` ने सुरू होणारे लांब पाथ. तिथे विंडोज काहीच सुधारून घेत नाही, दिलं तसं वाचतं.

बॅकस्लॅश स्क्रिप्टमध्ये लिहिण्यातला खरा धोका वेगळाच आहे. पायथनच्या साध्या अवतरणांत ‘टेम्प’ नावाच्या फोल्डरआधीचा बॅकस्लॅश आणि त्या नावाचं पहिलं रोमन अक्षर मिळून टॅब होतो. ‘यूजर्स’ आधीचा बॅकस्लॅश तर युनिकोड एस्केपची सुरुवात समजला जातो, आणि स्क्रिप्ट सुरू होण्याआधीच सिंटॅक्स एररने पडते. गंमत म्हणजे `"डी:\पुस्तके"` हे मात्र चालतं, कारण `\प` असा कुठला एस्केप नाही. नव्या पायथनमध्ये फक्त एक इशारा येतो. तो इशारा दुर्लक्षून लोक महिनोन्‌महिने काढतात, आणि मग कुणीतरी शेजारी रोमन नावाचं फोल्डर करतं.

तर पायथनमध्ये पाथलिब वापरा. २०१४ च्या ३.४ पासून तो सोबतच येतो, वेगळं काही बसवावं लागत नाही.

`मूळ = पाथ(__फाइल__).रिझॉल्व्ह().पेरेंट.पेरेंट`
`प्रकरणे = मूळ / "मजकूर" / "प्रकरणे"`

पायथन ३ मध्ये चलांची नावं मराठीत ठेवता येतात, हे जाता जाता. मी ठेवत नाही, पण ठेवता येतात.

नोडमध्ये हेच काम पाथ मॉड्यूलचं जॉइन करतं. सीमेक आत सगळीकडे `/` च वापरतं, ३.२० पासून त्यात सीमेक-पाथ नावाची कमांडही आहे, आणि फाइल हलवणं-पुसणं `सीमेक -ई` च्या मागे लिहिलं की तिन्हीकडे सारखं चालतं. ‘जॉइन’बद्दल एक लक्षात ठेवा: पायथनमध्ये दुसरा तुकडा `/` ने सुरू झाला तर पहिला तुकडा गुपचूप टाकून दिला जातो. कॉन्फिगमध्ये कुणी `/आउटपुट` असं लिहिलं, तर प्रोजेक्टच्या आतल्या आउटपुटऐवजी डिस्कच्या मुळाशी असलेलं आउटपुट साफ करायला स्क्रिप्ट निघेल. पुसणारी कोणतीही पायरी असेल तर आधी तपासा, की तो पाथ खरोखर `मूळ` च्या आतच आहे. पायथन ३.९ पासून ‘इज रिलेटिव्ह टू’ हे फंक्शन त्यासाठीच आहे.

सुरुवात कुठून

पाथ सापेक्ष असावेत हे सगळे सांगतात; कशाच्या सापेक्ष, ते कुणी सांगत नाही. ‘सध्याचं फोल्डर’ यावर कधीही विसंबू नका. संपादक एडिटरमधलं बटण दाबून बिल्ड चालवतात, सर्व्हरवर क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) चालवतो, मी टर्मिनलमधून चालवते. तिघांचं सध्याचं फोल्डर निराळं. स्क्रिप्ट स्वतः कुठे ठेवली आहे ते तिला विचारा आणि तिथून मोजा. वरच्या पहिल्या ओळीने तेच केलंय.

त्या ओळीतल्या ‘रिझॉल्व्ह’ची एक खोड आहे. तो सिमलिंकच्या (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या नावाच्या) मागे जातो, आणि विंडोजवर नेटवर्क ड्राइव्ह जोडलेला असेल तर `झेड:` ऐवजी `\\सर्व्हर\पुस्तके` असा पाथ हातात ठेवतो. कमांड प्रॉम्प्टला असा पाथ सध्याचं फोल्डर म्हणून चालत नाही. ऑफिसमधल्या सामायिक ड्राइव्हवरून बिल्ड चालवणारं कुणी असेल तर ‘रिझॉल्व्ह’च्या जागी ‘ॲब्सोल्यूट’ वापरा.

विंडोजच्या बॅच फाइलमध्ये स्क्रिप्टचं फोल्डर `%~डीपी०` मधून मिळतं. त्याच्या शेवटी बॅकस्लॅश असतो. तो अवतरणांत घालून एखाद्या प्रोग्रॅमला दिला, की शेवटचा `\"` हा ‘मजकुरातलं अवतरण चिन्ह’ असा वाचला जातो आणि पुढचे सगळे पर्याय त्याच पाथमध्ये गिळले जातात. उपाय एका टिंबाचा: `"%~डीपी०."` असं लिहा. टिंब म्हणजे तेच फोल्डर, त्यामुळे अर्थ बदलत नाही.

नोडच्या नव्या मॉड्यूल पद्धतीत फाइलचा पत्ता यूआरएल म्हणून मिळतो. त्यातला ‘पाथनेम’ उचलून तसाच वापरू नका. विंडोजवर ड्राइव्हच्या अक्षराआधी एक जास्तीचा `/` येतो, आणि फोल्डरचं नाव मराठीत असेल तर प्रत्येक अक्षराच्या जागी टक्क्याच्या चिन्हांची माळ. ‘फाइल यूआरएल टू पाथ’ हे फंक्शन दोन्ही निस्तरतं.

दुसऱ्या प्रोग्रॅमच्या उंबऱ्यावर

पाथ बिघडतात ते बहुतेक वेळा इथे. आपली स्क्रिप्ट पॅनडॉकला हाक मारते, झीलेटेकला मारते, कधी डॉकरला (प्रोग्रॅम वेगळ्या बंद कप्प्यात, ‘कंटेनर’मध्ये, चालवणाऱ्या साधनाला). हाक मारताना अख्खी कमांड एका ओळीत चिकटवून शेलच्या (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) स्वाधीन केली, की स्पेस, कंस, `&` ही सगळी चिन्हं शेलच्या मर्जीवर गेली. पायथनच्या सबप्रोसेसला तुकड्यांची यादी द्या:

`सबप्रोसेस.रन(["पॅनडॉक", एसटीआर(फाइल), "-ओ", एसटीआर(बाहेर)], चेक=ट्रू)`

अशी यादी दिली की मध्ये शेल येतच नाही, आणि ‘अंतिम मजकूर (नवा)’ असल्या नावाच्या फोल्डरलाही अवतरणांची गरज उरत नाही. विंडोजवर एक फरक: एनपीएमसारखी (नोडची पॅकेजं सांभाळणारी) काही साधनं तिथे खरं तर बॅच फाइल असतात, त्यामुळे नुसत्या नावाने सापडत नाहीत. `शटिल.व्हिच` ने आधी पूर्ण पाथ शोधून तो द्या.

एनपीएमच्या स्क्रिप्ट विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमधून चालतात, बॅशमधून नाही. तिथे एकेरी अवतरण म्हणजे अवतरणच नव्हे, नुसतं एक अक्षर. पॅकेज फाइलमध्ये दुहेरी अवतरणं एस्केप करून लिहिणं दिसायला घाण आहे, पण ती लिहाच. आणि `आरएम -आरएफ` तिथे ठेवू नका. ग्लोबमध्येही (`*` सारखी चिन्हं वापरून फाइली निवडायच्या नमुन्यातही) `/` च. तिथे बॅकस्लॅश म्हणजे एस्केप.

अनेक पाथ एका ओळीत द्यायचे असतील तर दोन पाथांमधलं चिन्हही बदलतं: युनिक्सकडे `:`, विंडोजवर `;`. कारण उघड आहे, विंडोजवर `:` ड्राइव्हच्या अक्षरामागे बसलेला असतो. पॅनडॉकचा ‘रिसोर्स पाथ’ हा पर्याय नेमका असाच चालतो. चित्रं मॅकवर सापडतात आणि विंडोजवर गायब होतात, तेव्हा मी आधी तिथे बघते. पायथनमध्ये `ओएस.पाथसेप` वापरा. `ओएस.सेप` नव्हे, ते स्लॅशसाठी. नावं इतकी जवळची की एडिटरची सूचना घाईने स्वीकारताना चुकीचं उचललं जातं.

गिट बॅश (गिटबरोबर येणारं, विंडोजवर चालणारं युनिक्स धाटणीचं शेल) वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. `/` ने सुरू होणारा पर्याय दिसला की तो पाथच असणार असं समजून गिट बॅश त्याचा विंडोज पाथ करून टाकतो. डॉकरला ‘कंटेनरच्या आतलं `/काम` हे फोल्डर’ म्हणून सांगावं, तर डॉकरपर्यंत पोचतं ते ‘प्रोग्रॅम फाइल्समधल्या गिटच्या फोल्डरातलं काम’. त्या कमांडपुरतं `एमएसवायएस_नो_पाथकॉन्व्ह=१` लावा. रूपांतर हवंच असेल तेव्हा सिगपाथ आहे, आणि डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) डब्ल्यूएसएलपाथ. `/एमएनटी/सी` चं `सी:` करायला स्वतः रेग्युलर एक्स्प्रेशन लिहीत बसू नका.

मेक या बिल्डच्या जुन्या साधनाबद्दल एकच वाक्य: ते १९७६ चं आहे, फाइलच्या नावातली स्पेस त्याला पेलत नाही, आणि ते कधी सुधारेल याची वाट बघू नये.

फाइलचं नाव मराठीत असेल तर

लोक विचारतात, फाइलींना मराठी नावं द्यावीत का? माझं मत: मजकुराच्या फाइलींना खुशाल द्या. संपादकाला ‘दऱ्याखोऱ्या’ हे प्रकरण त्याच नावाने सापडलं पाहिजे. स्क्रिप्टा, बिल्डची फोल्डरं आणि बाहेर जाणाऱ्या पुस्तकातल्या आतल्या फाइली मात्र रोमन छोट्या अक्षरांत. आणि ‘आम्ही मराठी नावं वापरतच नाही’ म्हणून हा भाग सोडून जाऊ नका. विंडोज बसवताना एखाद्याने स्वतःचं नाव देवनागरीत टाकलं असेल, तर त्याच्या होम फोल्डरचं नाव देवनागरीत असू शकतं आणि तुमचा अख्खा प्रोजेक्ट त्याच्या पोटात.

पहिली अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्‍या’ हे दोन शब्द बघा. बहुतेक फाँटांत सारखेच दिसतील. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे. कोणता येणार ते तुमच्या कीबोर्डवर अवलंबून. दोन संपादकांनी दोन कीबोर्ड वापरले, की एकाच फोल्डरात ‘दऱ्याखोऱ्या’ नावाच्या दोन फाइली सुखाने नांदतात, तिन्ही यंत्रांवर. अनुक्रमणिकेत एक नाव, डिस्कवर दुसरं, आणि बिल्ड म्हणतो फाइल नाही. तुम्ही तर ती समोर बघताय!

युनिकोडचं नॉर्मलायझेशन (समतुल्य रूपं एकाच रूपात आणणं) इथे कामाला येत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ही दोन रूपं समतुल्य नाहीत. ‘ॲ’चंही तसंच. ते अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी अ वर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहायचे, आणि अजूनही कित्येक कीबोर्ड तसंच लिहितात. ‘ॲप’ नावाचं फोल्डर आणि ‘अॅप’ नावाचं फोल्डर ही दोन वेगळी फोल्डरं आहेत.

नॉर्मलायझेशन लागतं ते वेगळ्या कारणासाठी. ऱ हे अक्षर ‘र अधिक नुक्ता’ असंही साठवता येतं, आणि मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं अशीच फोडून ठेवायची. २०१७ पासूनची एपीएफएस दिलं तसं ठेवते, पण शोधताना दोन्ही रूपं एकच मानते. म्हणजे मॅकवर फाइल सापडते आणि लिनक्सवर सापडत नाही. लिनक्स फक्त बाइट बघतो. जुन्या मॅक डिस्कवरून कॉपी केलेली नावं असतील तर हा फरक हमखास निघतो.

म्हणून नाव वाचलं की तुलना करण्याआधी आमची स्क्रिप्ट तीन गोष्टी करते: एनएफसी रूपात (नॉर्मलायझेशनच्या जोडलेल्या रूपात) आणते, ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, हलन्त’ ठेवते, आणि ‘अ, चंद्र’च्या जागी ‘ॲ’. डिस्कवरचं नाव त्यापेक्षा वेगळं निघालं तर ती नाव गुपचूप बदलत नाही. बिल्ड थांबवते आणि नावातले कोडपॉइंट (युनिकोडमधले चिन्हांचे क्रमांक) एकेक करून छापते. दिसायला सारख्या दोन नावांबद्दल ‘हे नाव ते नाव नाही’ एवढंच सांगणारा संदेश माणसाला वेड लावतो.

दुसरी अडचण लांबीची. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट घेतो, म्हणजे हाती उरले ८५, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘स्वातंत्र्य’ डोळ्याला तीन अक्षरं. कोडपॉइंट ११, बाइट ३३. विंडोजच्या एनटीएफएसवर मर्यादा २५५ चीच, पण ती बाइटची नव्हे, यूटीएफ-१६ एककांची, म्हणजे देवनागरीचे पूर्ण २५५ कोडपॉइंट बसतात. गोष्टीची अख्खी पहिली ओळ फाइलचं नाव म्हणून देणारे संपादक असतात (एडिटर ते नाव स्वतःहून सुचवतो, त्यांचा दोष नाही). ती फाइल विंडोजवर जन्मते, वाढते, गिटमध्ये जाते, आणि सर्व्हरवर चेकआउट होताना ‘नाव फार लांब’ म्हणून अडते. आमच्याकडे ६० कोडपॉइंटच्या वर गेलं की स्क्रिप्ट हटकते.

तिसरी अडचण पाथ लिहून ठेवताना येते. फाइल सिस्टिमशी बोलताना पायथन विंडोजवरही ३.६ पासून नीट वागतो, पण टेक्स्ट फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही तर विंडोजचं जुनं कोडपेज (युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचा अक्षरांचा तक्ता) घेतो. इंग्रजी विंडोजवर ते १२५२, आणि त्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग ठरवलं आहे; तोवर प्रत्येक ‘ओपन’मध्ये `एन्कोडिंग="यूटीएफ-८"` लिहा. लॉगमध्ये मराठी नाव छापण्याचं तर आणखी फसवं. विंडोजच्या कमांडच्या खिडकीत ते विनातक्रार छापलं जातं, पण तेच आउटपुट फाइलमध्ये वळवलं किंवा सर्व्हरच्या लॉगमध्ये गेलं की पुन्हा १२५२ आडवं येतं आणि बिल्ड पडतो, तोही ‘यशस्वी झालं’ हे वाक्य छापताना. `पायथनयूटीएफ८=१` हा एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून ठेवा. विंडोजबरोबर येणारं पॉवरशेल ५.१ तर `>` ने वळवलेला मजकूर यूटीएफ-१६ मध्ये लिहितं. तिथे फाइलींची यादी `>` ने करूच नये, स्क्रिप्टनेच ती लिहावी.

आणि गिट. फाइलींची यादी मागितली की मराठी नावाच्या जागी `"\३४०\२४४\२५६...` असे आकडे येतात. काही बिघडलेलं नाही. गिट मूळ सेटिंगनुसार आस्कीबाहेरचे बाइट अष्टमान पद्धतीत छापतं. आपण वाचायचं असेल तर `कोअर.कोटपाथ` बंद करा. स्क्रिप्टने वाचायचं असेल तर `-झेड` पर्याय द्या. मग नावं जशीच्या तशी येतात आणि दोन नावांमध्ये शून्य बाइट असतो, जो कोणत्याही फाइलच्या नावात असूच शकत नाही.

क्रम

फोल्डरातल्या फाइली कोणत्या क्रमाने मिळतील याची हमी पायथन देत नाही. एनटीएफएस त्या साधारणपणे नावाच्या क्रमाने देतं, म्हणून विंडोजवर पुस्तक बरोबर लागतं. ईएक्सटी४ आपल्या आतल्या हॅशच्या क्रमाने देतं, म्हणून सर्व्हरवर सातवं प्रकरण दुसऱ्याच्या आधी येतं. याला कुठलाही एरर येत नाही, वाचकाचं पत्र येतं. ‘सॉर्टेड’ लावा. तेही नुसतं नको; ‘प्रकरण १०’ मजकूर म्हणून ‘प्रकरण २’च्या आधी लागतं, तेव्हा ०१, ०२ असे शून्य लावलेले आकडे ठेवा.

बाकी नियम, झटपट

विंडोजवर नावात `< > : " / \ | ? *` चालत नाहीत. बिल्डच्या फोल्डरला वेळ जोडणारे `१०:३०` लिहितात आणि तिथे फसतात. `:` ऐवजी आडवी रेघ द्या. नावाच्या शेवटी टिंब किंवा स्पेस नको. कॉन, पीआरएन, ऑक्स, नल, कॉम१, एलपीटी१ ही डॉसच्या काळातली उपकरणांची नावं राखीव आहेत, एक्स्टेन्शन लावूनही सुटका होईलच असं नाही. लिनक्स कर्नलच्या सोर्समध्ये ‘ऑक्स डॉट सी’ नावाची फाइल आहे. विंडोजवर तो सोर्स उतरवून बघा, म्हणजे कळेल.

रोमन नावांत लहान-मोठ्या अक्षरांचा फरक लिनक्स मानतो, विंडोज आणि मॅक साधारणपणे मानत नाहीत. सगळं लहान ठेवलं की विषय संपला. देवनागरीत ही भानगडच नाही, तेवढं एक सुख.

विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा अख्ख्या पाथला आहे. विंडोज १० च्या २०१६ मधल्या आवृत्तीपासून ती उठवता येते, पण रजिस्ट्रीतलं सेटिंगही हवं आणि त्या प्रोग्रॅमनेही तशी तयारी जाहीर केलेली हवी. गिटसाठी वेगळं `कोअर.लाँगपाथ्स`. त्यापेक्षा प्रोजेक्ट `सी:\काम` सारख्या आखूड जागी ठेवणं सोपं.

तात्पुरत्या फोल्डरचा पाथ स्वतः लिहू नका, टेम्पफाइलकडून घ्या. आणि मिळालेल्या पाथची अक्षरशः तुलना करू नका. मॅकवर `/टीएमपी` ही सिमलिंक आहे, खरी जागा `/प्रायव्हेट/टीएमपी`. विंडोजवर तोच पाथ कधी `~१` असलेल्या आखूड नावाने येतो. ‘सेमफाइल’ने विचारा. विंडोजवर तात्पुरतं फोल्डर `सी:` वर आणि प्रोजेक्ट `डी:` वर असेल, तर ‘रेलपाथ’ सरळ व्हॅल्यू एरर देतो. बरोबरच आहे, एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर जाणारा सापेक्ष रस्ताच नाही.

पुस्तकाच्या आत

ईपब म्हणजे एक झिप, आणि झिपच्या आत कुठल्याही यंत्रावर `/` च हवा. म्हणून तिथे पाथलिबचं `ॲज_पॉझिक्स()`, जे पाथ `/` वापरून लिहून देतं. डॉटनेट फ्रेमवर्कच्या ४.६.१ आधीच्या आवृत्त्या झिपमध्ये बॅकस्लॅश लिहायच्या. अशी झिप लिनक्सवर उघडली की फोल्डरच तयार होत नाहीत. `चित्रे\मुखपृष्ठ` अशा लांबलचक नावाच्या फाइली पसरतात, कारण लिनक्सला बॅकस्लॅश हे नावातलं एक साधं अक्षर वाटतं. ईपबच्या आतल्या दुव्यांचं आणखी एक: ते पाथ नव्हेत, यूआरएल आहेत. स्पेस त्यात एन्कोड करून लिहावी लागते. आम्ही ती कटकट ठेवलीच नाही. आत जाताना प्रत्येक प्रकरणाला रोमन नाव आणि आकडा मिळतो, मराठी नाव फक्त अनुक्रमणिकेत छापलं जातं.

तपासायचं कसं

स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या नीटनेटक्या फोल्डरात चालवून काहीच कळत नाही. आमच्या सर्व्हरवरचा बिल्ड प्रोजेक्ट मुद्दाम `दऱ्याखोऱ्या (नवी प्रत)` या नावाच्या फोल्डरात उतरवतो. त्यात स्पेस आहे, कंस आहेत, देवनागरी आहे, ऱ आहे. हाच प्रयोग विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर, दर बदलाला. स्क्रिप्ट चालवायची तीही त्या फोल्डराच्या बाहेरून, पूर्ण पाथ देऊन, म्हणजे सध्याच्या फोल्डरावर विसंबलेली ओळ लगेच उघडी पडते.

विंडोजचं यंत्र हाताशी नसेल तर प्युअर-विंडोज-पाथ हा पाथलिबमधला प्रकार मॅकवरही चालतो. तो डिस्कला हात लावत नाही, नुसते नियम लावतो. पाथ जोडणाऱ्या-तोडणाऱ्या तुमच्या फंक्शनांची चाचणी त्यावर घेता येते. तेवढ्यावर थांबू नका, कारण अवतरणं, कोडपेज आणि उघड्या फाइलवरचं विंडोजचं कुलूप त्यात कळत नाही.

शेल स्क्रिप्ट ठेवल्या असतील तर गिटॲट्रिब्यूट्समध्ये त्यांच्यासाठी `ईओएल=एलएफ` घाला. विंडोजवर चेकआउट होताना ओळीच्या शेवटी सीआर (विंडोजचं ओळ संपल्याचं जास्तीचं चिन्ह) चिकटला, की लिनक्स ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून ओरडतो. पाथ अगदी बरोबर दिसतो, फक्त त्याच्या शेवटी `^एम` लटकत असतो. तो दिसला की पाथमध्ये शोधत बसू नका, ओळीचा शेवट बघा.